कोबिल्डचा फ्रेजल व्हर्ब्जचा कोश, वॉर्डातल्या नर्सच्या हातात

ओईटी किंवा आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देऊन इंग्लंडला यायच्या तयारीत असलेल्या आपल्याकडच्या मुली फोनवर विचारतात, "ताई, इंग्रजीसाठी एकच पुस्तक घ्यायचं तर कोणतं घेऊ?" परीक्षेची पुस्तकं क्लासवाले देतातच, त्यामुळे त्यांची नावं मी सांगत नाही. मी सांगते तो एक कोश आहे, ‘कॉलिन्स कोबिल्ड डिक्शनरी ऑफ फ्रेजल व्हर्ब्ज’. फ्रेजल व्हर्ब म्हणजे क्रियापद आणि त्यापुढचा छोटा शब्द यांची जोडी, ‘गो ऑफ’, ‘थ्रो अप’सारखी. माझ्याकडची प्रत १९८९ची, म्हणजे पहिल्या आवृत्तीची. इथल्या एका चॅरिटी शॉपमध्ये जुन्या पुस्तकांच्या फळीवर होती, सँडविचच्या किमतीत मिळाली. पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या आहेत, पण मी लिहितेय ते माझ्या हातातल्या प्रतीबद्दल.

ही शिफारस कुठून येतेय तेही सांगते. मी मिरजेत नर्सिंग शिकले, सांगलीच्या सिव्हिलमध्ये मेडिसिन वॉर्डात काम केलं आणि आता इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका रुग्णालयात वयस्कर पेशंटच्या वॉर्डात आहे. माझे बहुतेक पेशंट ऐंशीच्या पुढचे. त्यांचं इंग्रजी ओईटीच्या इंग्रजीहून फार वेगळं आहे, आणि मला या कोशाबद्दल जे वाटतं ते सगळं त्या फरकातून आलेलं आहे.

इथली नर्सिंगची नोंदणी हवी तर ओईटीत ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत बी ग्रेड लागते, लिहिण्यात सी प्लस चालते. त्यासाठी आपण मन लावून अभ्यास करतो. डिस्प्निया, सिंकोपी, नॉशिया, एक्झॅसर्बेशन, सगळे वैद्यकीय शब्द तोंडपाठ असतात, डिस्चार्जचं पत्र डोळे मिटून लिहिता येतं. आणि मग पहिल्या आठवड्यात एखादी आजी सांगते, ‘आय केम ओव्हर ऑल फनी व्हेन आय गॉट अप, लव्ह, अँड देन मी लेग्ज गेव्ह वे.’ यात एकही अवघड शब्द नाही. कम, गेट, गिव्ह, सगळे पाचवीच्या पुस्तकातले. तरी नवीन आलेल्या मुलीला कळत नाही की आजी उठताना चक्कर आल्याचं आणि पायांतलं बळ गेल्याचं सांगते आहे, आणि आता तिचा उभ्याचा आणि झोपल्याचा रक्तदाब घ्यायला हवा.

इथला पेशंट ‘व्हॉमिट’ शब्द क्वचित वापरतो. तो म्हणतो ‘आय थ्रू अप’, ‘इट ऑल केम बॅक अप’, ‘आय कान्ट कीप एनीथिंग डाउन’. बेशुद्ध पडला तर ‘पास्ड आउट’, शुद्धीवर आला तर ‘केम राउंड’. अंगावर पुरळ उठलं तर ‘केम आउट इन अ रॅश’, सूज उतरली तर ‘वेन्ट डाउन’. औषधाचा असर कमी होत गेला तर ‘वेअरिंग ऑफ’. जुना गुडघा पुन्हा दुखायला लागला तर ‘प्लेइंग अप’. अशक्तपणा आला तर ‘रन डाउन’. वैद्यकीय शब्द लॅटिन-ग्रीकचे, कॉलेजात शिकलेले. ही छोटी क्रियापदं घरातली आहेत. गो, कम, डू ही जुन्या इंग्रजीतली, तर गेट आणि टेक नॉर्स लोकांबरोबर आलेली. माणूस आजारी पडला, घाबरला, अर्धवट झोपेत असला की त्याच्या तोंडून घरचीच भाषा येते. ते जगात सगळीकडे तसंच असणार, सांगलीतही तसंच होतं.

परक्या माणसाला हे जड जातं हे इंग्रजांना फार पूर्वीपासून माहीत आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपल्या मोठ्या कोशाच्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहून ठेवलंय की क्रियापदापुढे छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची रीत इंग्रजीत फार आहे आणि परदेशी माणसाला सगळ्यात जास्त अडचण तिथेच येते. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र बरंच उशिरा रुळलं. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ मध्ये ते छापील पुस्तकात वापरलं. म्हणजे अडचण जुनी, तिचं नाव नवं.

आता कोशाकडे. कोबिल्ड हा बर्मिंगहॅम विद्यापीठ आणि कॉलिन्स प्रकाशन यांचा प्रकल्प, १९८०च्या सुमारास सुरू झालेला. त्याचे प्रमुख होते जॉन सिंक्लेअर. त्यांनी त्या काळात कॉम्प्युटरवर पुस्तकं, वर्तमानपत्रं, बोलण्याच्या नोंदी असा प्रचंड मजकूर भरला आणि लोक प्रत्यक्षात कोणता शब्द कसा वापरतात ते त्यातून शोधलं. कोणा प्राध्यापकाने टेबलाशी बसून बनवलेली वाक्यं उदाहरणं म्हणून द्यायची नाहीत, खरोखर लिहिलेली-बोललेली द्यायची, हा त्यांचा हट्ट होता. त्याच साठ्यातून १९८७ मध्ये त्यांचा मोठा कोश आला आणि दोन वर्षांनी हा. यात तीन हजारांहून जास्त जोड्या आहेत आणि त्यांचे साडेपाच हजारांहून जास्त अर्थ. या दोन आकड्यांतल्या फरकाकडे जरा बघा. एका जोडीला एकच अर्थ असता तर पाठांतरावर भागलं असतं.

उदाहरणासाठी मी ‘गो ऑफ’ घेते, कारण आमच्या वॉर्डात हा जितका ऐकू येतो तितका दुसरा कुठला येत नसेल. सकाळी हँडओव्हरला नाइटची सिस्टर सांगते, चार नंबरचा पंप सारखा ‘गोइंग ऑफ’ आहे. म्हणजे पंपाचा अलार्म वाजतोय. ड्युटी संपवून ती स्वतः ‘गोज ऑफ’. फ्रीजमधलं दूध ‘गॉन ऑफ’, म्हणजे नासलंय. नऊ नंबरचे आजोबा ‘गॉन ऑफ हिज फूड’, म्हणजे जेवणावरची इच्छा गेलीय. पलीकडच्या आजी रात्रभर जाग्या होत्या, आत्ता कुठे ‘गॉन ऑफ’, म्हणजे डोळा लागलाय. हीटिंग ‘गॉन ऑफ’ म्हणजे बंद पडलंय. अलार्मच्या बाबतीत ‘गो ऑफ’ म्हणजे वाजायला लागणं आणि हीटिंगच्या बाबतीत तेच शब्द म्हणजे बंद होणं, इतका उलटा प्रकार.

आणि एक अर्थ असा आहे की तो कळायलाच हवा. स्टाफ नर्स दारातून डोकावून म्हणते, ‘बेड सिक्स हॅज गॉन ऑफ.’ पेशंटची तब्येत अचानक बिघडली आहे. हे ऐकलं की हातातलं काम ठेवून निघायचं, श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप घेऊन न्यूज टू स्कोअर, म्हणजे पेशंट किती बिघडलाय ते दाखवणारा आकडा, काढायचा. तो पाच किंवा सहा झाला तर डॉक्टरला तातडीने बोलवायचं, सात किंवा त्याहून वर गेला तर इमर्जन्सी टीमला. त्या क्षणी जिला ‘झोपला असेल’ किंवा ‘घरी गेला असेल’ असं वाटलं तिचा वेळ जातो, आणि तो वेळ पेशंटचा असतो. म्हणून मी या छोट्या शब्दांच्या मागे इतकी लागते.

कोश इथे कसा मदत करतो? त्याची व्याख्या द्यायची पद्धत निराळी आहे. शाळेतल्या इंग्रजी-मराठी शब्दकोशात क्रियापद आणि पुढे स्वल्पविराम देऊन चार प्रतिशब्द असायचे, त्यातला कोणता कुठे लागतो ते आपलं आपण बघायचं. कोबिल्डमध्ये व्याख्या पूर्ण वाक्यात असते. खायची-प्यायची वस्तू असेल तर तिचं काय होतं, माणूस असेल आणि पुढे दुसरी वस्तू किंवा व्यक्ती असेल तर त्याचं काय होतं, यंत्र असेल तर काय होतं, अशा घाटाची वाक्यं. त्यामुळे अर्थाच्या आधी कर्ता दिसतो, आणि अर्थ ओळखायची किल्ली बहुतेक वेळा कर्त्यातच असते. दूध, माणूस, पंप, हीटिंग: कोण ‘गो ऑफ’ करतंय हे कानावर पडलं की सहा अर्थांतले पाच आपोआप गळतात. बेड सिक्सच्या वाक्यात कर्ता आजारी माणूस आहे, आणि नासण्याचा अर्थ ज्याला माहीत आहे त्याला बिघडण्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. हा कोश वापरून वापरून मला बोलणं ऐकताना आधी कर्ता पकडायची सवय लागली. एवढ्यासाठी सुद्धा मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन.

प्रत्येक अर्थाशेजारी व्याकरणाची सांकेतिक अक्षरं आहेत, अधिकची चिन्हं घालून जोडलेली. पहिल्यांदा बघताना गणिताचं पुस्तक वाटतं, पण त्यांना घाबरू नका, तिथे फक्त एवढंच सांगितलंय की कर्म कुठे बसतं. ‘टेक युअर शूज ऑफ’ आणि ‘टेक ऑफ युअर शूज’ दोन्ही चालतात, पण सर्वनाम आलं की ते मधेच बसतं, ‘टेक देम ऑफ’. ‘सिट हिम अप’, ‘प्रॉप हर अप’, ‘टर्न हिम ओव्हर’, आपली दिवसभराची कामं सगळी याच साच्यातली आहेत. दोन-तीन साचे एकदा हाताखालून गेले की पुढे ती अक्षरं वाचावीही लागत नाहीत.

पण हा कोश घ्या असं मी म्हणते ते मुख्यतः त्याच्या शेवटच्या पानांसाठी. मागच्या बाजूला एक सूची आहे, क्रियापदांची नव्हे, अप, आउट, ऑफ, डाउन, ओव्हर अशा छोट्या शब्दांची. एकेका शब्दाखाली त्याच्या अर्थांचे गट पाडलेत आणि प्रत्येक गटात त्या अर्थाने तो शब्द घेणारी क्रियापदं एकत्र ठेवलीत. ‘अप’खाली वर जाण्याचा गट आहे, वाढण्या-सुधारण्याचा आहे, बांधण्या-आवळण्याचा आहे, बिघडण्याचा आहे, पूर्ण होण्याचा आणि संपण्याचा आहे. ‘ऑफ’खाली दूर जाणं, काढून टाकणं, अडवणं, सुरू होणं, थांबणं, कमी होत जाणं.

मी ही पानं वॉर्डाच्या कामाशी लावून वाचली. ‘अप’चा बांधण्याचा गट घ्या. आजी पाठ फिरवून म्हणते, ‘डू मी अप, लव्ह’, म्हणजे मागची बटणं लाव. मग बटन अप, झिप अप, टाय अप, स्ट्रॅप अप हे सगळे एकाच धाग्यात येतात. पूर्ण होण्याच्या गटात हील अप, ड्राय अप, क्लिअर अप. ‘हॅज युअर चेस्ट क्लिअर्ड अप?’ म्हणजे छाती पुरती मोकळी झाली का, थोडीफार कमी झाली का असं नव्हे. वाढण्याच्या गटात स्वेल अप, बिल्ड अप, आणि तब्येत सुधारते तेव्हाचं पिक अप. बिघडण्याकडे झुकणारे प्ले अप आणि सांधा आखडतो ते सीझ अप. ‘ऑफ’मध्ये कमी होत जाण्याच्या बाजूला वेअर ऑफ आणि ईझ ऑफ, सोडवण्याच्या बाजूला ‘कम ऑफ द ऑक्सिजन’, ‘वीन ऑफ द स्टेरॉइड्स’. ‘डाउन’मध्ये सूज उतरणं, पेशंट शांत होणं, आणि शेवटच्या दिवसांत मूत्रपिंडं ‘शटिंग डाउन’ होणं. हे असं लावून ठेवल्यावर कधी न ऐकलेली जोडी कानावर आली तरी ‘हा अप कुठल्या गटातला असेल’ असा विचार करता येतो, आणि अंदाज बरोबर येण्याचं प्रमाण चांगलं असतं.

ही मांडणी मला पटली त्याला एक कारण सांगलीतलं आहे. सिव्हिलला माझ्याबरोबर केरळातल्या कोट्टायमकडच्या एक सिस्टर होत्या, वयाने मोठ्या, सगळे त्यांना चेची, म्हणजे ताई, म्हणायचे. मराठी त्या पेशंटकडूनच शिकल्या. त्यांची एक वही होती आणि तिच्यात त्यांनी मराठी वाक्यं रोगाप्रमाणे लावली नव्हती, क्रियापदाप्रमाणे लावली होती. ‘येणे’च्या पानावर डोळे आलेत, तोंड आलंय, घेरी आली, अंग मोडून आलं. ‘लागणे’च्या पानावर ऊन लागलं, धाप लागली, जुलाब लागले, उचकी लागली, बस लागली. ‘बसणे’वर घसा बसला, ‘धरणे’वर पाठ धरली. ‘टाकणे’वर पोरगं दूध टाकतंय. ‘जाणे’च्या पानावर अंगावरून जातंय, शुद्ध गेली, तिला दिवस गेलेत, आणि शेवटी, बाबा गेले. आपण जन्मापासून हे बोलतो म्हणून आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. चेचींनी मात्र ते बाहेरून बघितलं होतं आणि अचूक जागी बोट ठेवलं होतं. कोबिल्डच्या मागच्या पानांची मांडणी त्याच जातीची आहे. बाहेरून येऊन भाषा शिकणाऱ्याला खरी गरज कशाची असते ते त्या संपादकांनी ओळखलं होतं.

आता कुठे कमी पडतो ते.

पहिली गोष्ट, उदाहरणं खरी असली तरी ती मुख्यतः वर्तमानपत्रांतली आणि पुस्तकांतली आहेत. राजकारण, व्यवसाय, घरसंसार, सगळं आहे, पण पेशंटच्या खाटेशेजारचं बोलणं तुम्हाला स्वतःच गोळा करावं लागेल. मी प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलने वॉर्डातली वाक्यं लिहिते. जुन्या प्रतीचा हाही एक फायदा, लिहायला हात धजतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कोश अर्थ सांगतो, पण दोन अर्थांत पेशंटला कोणता अभिप्रेत आहे ते विचारायची जबाबदारी तुमची. ‘ही ब्रॉट अप सम ब्लड.’ ब्रिंग अप म्हणजे ओकणंही होतं आणि खोकून कफाबरोबर बाहेर काढणंही होतं. एक रक्त पोटातून आलेलं, दुसरं छातीतून. पुढची तपासणी, पुढचा डॉक्टर, सगळं वेगळं. म्हणून नुसतं मान डोलावून हिमॅटेमेसिस, म्हणजे रक्ताची उलटी, असं लिहू नका. विचारा, उलटीतून आलं की खोकल्यातून, रंग कसा होता, लाल की कॉफीच्या चोथ्यासारखा, त्यात फेस होता का. मी नोंदीत आधी पेशंटचे शब्द अवतरणात जसेच्या तसे लिहिते आणि मग वैद्यकीय शब्द. पुढच्या शिफ्टला कोणाला शंका आली तर मूळ बोलणं समोर असतं.

तसंच ‘पास’चं. पास आउट म्हणजे बेशुद्ध होणं, पास वॉटर म्हणजे लघवी करणं, पास विंड म्हणजे पोटातला वारा सरणं. ऑपरेशननंतर आतडी कामाला लागली का हे कळायला हा शेवटचा प्रश्न रोज विचारावा लागतो. आणि पास अवे म्हणजे जाणं. इथे नातेवाइकांना मृत्यूची बातमी देताना आडवळणाचे शब्द टाळा, ‘डाइड’ असं स्पष्ट सांगा, असं शिकवतात. त्यामागचं कारण योग्य आहे. फोनवर, धक्क्यात, ‘ही हॅज पास्ड’ एवढंच कोणी ऐकलं तर त्यातून काहीही अर्थ निघू शकतो. नातेवाईक स्वतः ‘स्लिप्ड अवे’ म्हणतील, आपण ते समजून घ्यायचं, पण आपल्याकडून सांगताना साफ शब्द वापरायचा. मला सुरुवातीला हे कठोर वाटायचं, कारण आपल्याकडे ‘गेले’ किंवा ‘वारले’ म्हणायची रीत. आता वाटत नाही.

तिसरी कमतरता या कोशाच्या स्वभावातच आहे. तो क्रियापदापुढे छोटा शब्द असेल तरच ती जोडी घेतो. नुसत्या क्रियापदाचे अर्थ यात नाहीत, आणि ते काही कमी गोंधळाचे नसतात. ‘हॅव यू बीन टुडे?’ या प्रश्नाचा अर्थ आज शौचाला झाली का, एवढाच. ‘रनिंग अ टेम्परेचर’ म्हणजे ताप आहे. ‘रन’चं तर काय सांगावं. ऑक्सफर्डच्या सगळ्यात मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाची नोंद सगळ्यात लांब होती, सुमारे ४३० अर्थांची. पुढे संपादकांनी ‘रन’ नव्याने तपासलं तेव्हा त्याचे ६४५ अर्थ निघाले. आमच्या वॉर्डातच बघा, नाक रन होतं, सलाइन रन होतं, क्लिनिक उशिरा रन होतं आणि आजार घराण्यात रन होतो. यासाठी जोडीला साधा शिकणाऱ्यांचा कोश लागतो. मी ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स वापरते, त्याची वेबसाइट फुकट आहे. तो ज्यांनी रचला ते ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते आणि कोशाची पहिली आवृत्ती १९४२ मध्ये टोकियोत निघाली. म्हणजे तोही शिकणाऱ्यांच्या अडचणी रोज समोर बघणाऱ्या माणसाने केलेला. त्यात प्रत्येक मोठ्या क्रियापदाच्या नोंदीच्या शेवटी त्याच्या जोड्या वेगळ्या दिलेल्या असतात. शब्द चटकन बघायचा असेल तर तो फोनवर बरा. मात्र अप, ऑफ यांचे गट पाडून दाखवणारी पानं हवीत तर मी कोबिल्डकडेच येते.

चौथी, कानाची. छापील पुस्तक उच्चार ऐकवू शकत नाही. या जोड्यांत बोलताना जोर बहुतेक वेळा मागच्या छोट्या शब्दावर पडतो, ‘पिक इट अप’मध्ये ‘अप’वर. आपण मराठी माणसं क्रियापदावर जोर देऊन पुढचं खाऊन टाकतो. मग समोरच्याला ‘टर्न ऑन’ की ‘टर्न ऑफ’ तेच कळत नाही, आणि पंपाशेजारी उभं राहून हा घोळ परवडणारा नाही. त्यासाठी बोलणं ऐकत राहणं, टीव्हीवरच्या साध्या घरगुती मालिका बघणं, पेशंटशी चहा देताना पाच मिनिटं गप्पा मारणं, याला पर्याय नाही.

कोणी विचारतं, केंब्रिजचं ‘इंग्लिश फ्रेजल व्हर्ब्ज इन यूज’ घेऊ का? घ्या, तेही चांगलं आहे. डावीकडच्या पानावर समजावून सांगितलेलं, उजवीकडे सराव, शेवटी उत्तरं. ज्यांना रोज ठरावीक अभ्यास करायची सवय आहे, परीक्षेला अजून वेळ आहे, त्यांना ते सोपं जाईल. पण ते अभ्यासाचं पुस्तक आहे. कामावरून आल्यावर ‘आज अमक्याने असं म्हटलं, ते काय होतं’ हे शोधायला कोशच हवा.

मोबाइलवर फिरणाऱ्या त्या लांब याद्या मात्र टाळा, डावीकडे इंग्रजी जोडी आणि उजवीकडे मराठीत एकच शब्द. ‘गो ऑफ: स्फोट होणे.’ हा अर्थ आहे, खरा आहे, आणि दूध नासलंय की पेशंट बिघडलाय हे त्यावरून कधीच कळणार नाही. अशा याद्या पाठ करण्यात मुलींचे महिने जातात, झोप जाते, आणि वॉर्डात आल्यावर त्यांना वाटतं आपलं इंग्रजीच कच्चं आहे. इंग्रजी कच्चं नसतं, त्यांना चुकीच्या पद्धतीने शिकवलेलं असतं. याचा मला मनापासून राग येतो, कारण त्या मुलींनी कर्ज काढून फी भरलेली असते.

कोश पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. मागून सुरू करा. आधी ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘डाउन’ या चारांची पानं सावकाश वाचा आणि प्रत्येक गटासमोर तुमच्या कामातलं एकेक वाक्य लिहा. भारतातच असाल तर इथे काम करणाऱ्या मैत्रिणीला फोन करून आज पेशंट काय काय बोलले ते विचारा, तिलाही बोलायला आवडेल. त्यानंतर पुढच्या भागात गेट, गो, कम, टेक, पुट आणि ब्रिंग एवढी सहा क्रियापदं पाहा. ओएससीईच्या, म्हणजे नोंदणीसाठीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या, आधी इतकं झालं तरी पुष्कळ. बाकीचा कोश गरजेप्रमाणे उघडत राहायचं.

ज्यांना ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा आयसीयूत जायचं आहे, जिथे पेशंट बराच वेळ बोलत नसतो, त्यांना याची घाई नाही. वयस्करांचा वॉर्ड, अपघात विभाग, कम्युनिटी नर्सिंग, बाळंतपणाचा वॉर्ड इथे मात्र तो पहिल्या महिन्यातच हाताशी असावा. केअर होममध्ये केअरर म्हणून येणाऱ्यांनाही मी हेच सांगेन, किंबहुना त्यांना जास्त, कारण तिथे दिवसाचं बोलणं सगळं घरगुतीच असतं.

नवीन आवृत्ती ऑनलाइन मागवता येते. जुनी घेणार असाल तर पुस्तक हातात घेऊन आधी शेवट उघडा. बांधणी जुनी झाली की मागची पानं सर्वांत आधी सुटतात, आणि छोट्या शब्दांची ती सूची नसेल तर प्रत कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.